स्फटिकाची साक्ष

पेनिसिलिनचें नांव आज खेड्यापाड्यांतहि ठाऊक आहे. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीचा गुण दिसला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या औषधाच्या रेणूची घडण ज्या विदुषीनें उलगडली, तिचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. आज तीच हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

१९४० सालीं ऑक्सफर्ड येथें फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जंतुबाधा केलेल्या आठ उंदरांपैकीं चारांस हें औषध दिलें. ते वांचले, बाकीचे चार रात्रींतच दगावले. महायुद्ध चालू होतें. जखमी सैनिकांसाठीं औषध हवें होतें पुष्कळ, आणि बुरशी देत होती अगदीं थोडें. घडण कळल्यास तें प्रयोगशाळेंत तयार करतां येईल, अशी आशा होती. पण घडणीविषयींच विद्वानांत दोन पक्ष पडले. चेन व एब्रहॅम म्हणत कीं, रेणूंत तीन कार्बन व एक नायट्रोजन अशा चार अणूंचें चौकोनी कडें आहे. सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या श्रेष्ठ रसायनज्ञास हें ताणलेलें कडें पटेना.

तेव्हां साक्षीस स्फटिक आला. स्फटिकांत रेणु कवाइतींतील शिपायांप्रमाणें ओळीनें उभे असतात. त्यांवर क्ष-किरण सोडले कीं, ते ठराविक दिशांनीं विखुरतात व छायाचित्रावर ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या कमीअधिक तेजावरून गणितानें अणूंच्या जागा काढावयाच्या. मात्र लाटा कोणत्या टप्प्यांत पोंचल्या, हें ठिपका सांगत नाहीं. खरी अडचण तीच. डोरोथी हॉजकिन व त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो यांनीं पोटॅशियम व रुबिडियम यांचे क्षार घेतले. सोडियमच्या क्षाराचें काम नॉर्थविच येथें चार्ल्स बन व ॲन टर्नर-जोन्स यांनीं केलें. जड अणु किरण जोरानें विखुरतो. त्याची जागा आधीं सांपडते आणि तिच्या आधारें इतरांचा माग लागतो. संधिवातानें बाईंच्या हातांचीं बोटें तरुणपणींच वांकूं लागलीं होतीं. तरी काम थांबलें नाहीं. १९४५ सालीं, युरोपांतील युद्ध संपण्याच्या सुमारास, निकाल लागला : चौकोनी कडें खरें होतें.

कारखान्यांत औषध पुढेंहि बुरशीपासूनच होत राहिलें. १९५५ पासून आपल्या पुण्याजवळील पिंपरीसहि तें होऊं लागलें. मग या शोधाचें फळ काय? जंतूची भिंत बांधणाऱ्या द्रव्यास तें ताणलेलें कडें उघडून चिकटतें व बांधकाम बंद पाडतें, हें वर्म त्यामुळें समजलें. कांहीं जंतु तेंच कडें तोडतात, हेंहि कळलें. आणि कडें राखून बाजूची शाखा बदलण्याची युक्ति सुचून नवीं औषधें निघालीं.

१९६४ सालीं हॉजकिनबाईंना नोबेल पारितोषिक मिळालें. थोरांच्या मतास मान अवश्य द्यावा. परंतु मतभेदाचा निवाडा थोरवीनें न करतां पुराव्यानें करावा, हाच या इतिहासाचा बोध होय.