फाटलेल्या आवाजाचा इतिहास

गणेशोत्सवाच्या स्टेजवर साउंडवाल्याला एक वाक्य हमखास ऐकावे लागते, "आवाज फाटतोय, जरा कमी कर." माइक गाण्याचा असो की भाषणाचा, फाटलेला आवाज म्हणजे दोषच. आम्हाला डिप्लोमालाही हेच शिकवले होते. चांगला ॲम्प्लिफायर कोणता, तर जो आवाज आत जाईल तोच मोठा करून बाहेर देणारा. त्यात जो फरक पडेल त्याचे नाव डिस्टॉर्शन, म्हणजे विकृती, आणि ती कमीत कमी ठेवायची. पण एक वाद्य असे आहे की हा दोषच त्याचा अलंकार झाला. ते वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक गिटार.

साध्या गिटारचा आवाज बँडच्या ढोल-तुताऱ्यांत ऐकू येत नसे, म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेत तिला पिकअप आणि ॲम्प जोडला गेला. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ वाद्यवृंदात आलेल्या चार्ली ख्रिश्चनने गिटारला मागच्या रांगेतून पुढे आणले. तेव्हाचे ॲम्प व्हॉल्व्हचे असत. आपल्या घरातल्या जुन्या रेडिओत लाल-पिवळे पेटणारे व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते वेगळे सांगायला नको. पुढे ज्याच्या नावाचे ॲम्प जगभर गेले तो कॅलिफोर्नियाचा लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. हे सगळे कारागीर स्वच्छ आवाजाच्याच मागे होते. ॲम्पचे बटण पूर्ण फिरवले की आवाज फाटे, पण ती त्यांच्या लेखी यंत्राची मर्यादा होती.

ही मर्यादा हवीहवीशी झाली ती अपघाताने. १९५१ मध्ये आइक टर्नरचा बँड 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित करायला मेम्फिसला निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्पला मार बसला आणि स्पीकरचा कागदी पडदा फाटला. दुसरा ॲम्प आणायची सोय नव्हती. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने फाटलेल्या जागी कागद कोंबला आणि तोच घरघरता आवाज ध्वनिमुद्रित केला. गाणे गाजले. १९५८ मध्ये 'रम्बल'साठी लिंक रे याने स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनमध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने एका लहानशा ॲम्पच्या स्पीकरवर दाढीचे ब्लेड चालवले. जे एकाच्या नशिबी आले ते दुसरे आता हाताने करू लागले होते.

दुसरा अपघात नॅशव्हिलचा. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ च्या 'डोन्ट वरी' या गाण्यात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास गिटार मधमाशीसारखा गुणगुणू लागला. तो भाग तसाच ठेवला गेला. ध्वनी अभियंता ग्लेन स्नॉडीने त्या बिघाडाची नक्कल करणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट बनवले आणि ते गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. पायाने दाबायचे, म्हणून ते पेडल. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजले आणि दुकानांतला माल संपला.

या आवाजात गोडी कसली, हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी बेळगावहून फार लांब जायला नको, मिरजेला जावे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला किंचित उतार देतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतो. तार घोडीला निसटती घासते आणि एका स्वरातून वरचे अनेक स्वर उमलतात. हीच जवारी. हार्मोनियमसारखा सरळ स्वर तंबोऱ्याला नको असतो. गिटारच्या ॲम्पमध्ये वेगळ्या मार्गाने असेच काहीसे होते. व्हॉल्व्हच्या ताकदीबाहेरचा आवाज आला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि त्यातून वरचे स्वर निर्माण होतात. व्हॉल्व्ह हे शेंडे हळूहळू गोल करतो, म्हणून आवाज उबदार लागतो. साधा ट्रान्झिस्टर ते एकदम तासतो, म्हणून कर्कश लागतो. शिवाय जोराचा आणि हलका आघात यांतले अंतर कमी झाल्याने स्वर लांबतो. तार छेडली की लगेच विझणारी गिटार सारंगीसारखी गाऊ लागते. लीड वाजवणाऱ्याला हवे असते ते हेच.

अडचण अशी की व्हॉल्व्हला त्या टोकापर्यंत न्यायचे तर आवाज फार मोठा होतो. लंडनजवळच्या हॅनवेलमधला ड्रमवादक आणि दुकानदार जिम मार्शल याने १९६२ मध्ये फेंडरच्या सर्किटवरून आपला ॲम्प बनवला. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या अल्बमसाठी एरिक क्लॅप्टनने मार्शल इतका चढवून ठेवला की स्टुडिओतले लोक वैतागले. टोन अजरामर झाला, पण घरात किंवा गल्लीत हे जमणारे नव्हते.

त्यावर दोन तोडगे निघाले. पहिला म्हणजे लहान ॲम्प. फेंडरचा 'चॅम्प' सुमारे ५ वॅटचा. तो लवकर दमतो, म्हणून कमी आवाजातच फाटतो. १९७० च्या 'लैला' अल्बममधली गिटार ऐकून मोठमोठ्या खोक्यांची भिंत डोळ्यांपुढे येते, प्रत्यक्षात स्टुडिओत असेच लहान फेंडर होते. दुसरा तोडगा जपानने दिला. १९७७ मध्ये बॉसचे 'ओडी-१' आले आणि १९७९ च्या सुमारास सुसुमु तामुरा यांनी रचना केलेले आयबनेझचे 'ट्यूब स्क्रीमर'. आत एक लहान चिप, तिच्या फीडबॅकच्या वाटेवर दोन डायोड आणि ९ व्होल्टची बॅटरी. ते खालचे स्वर कमी करते आणि मधले उठवते, त्यामुळे बास आणि ड्रमच्या गर्दीतून लीड वेगळी ऐकू येते. टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनने ते प्रसिद्ध केले. जाणकार वादक त्याचे 'ड्राइव्ह' कमी आणि 'लेव्हल' जास्त ठेवतात. फाटण्याच्या काठावर आणून ठेवलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पला पेडल फक्त मागून ढकलते, बाकीचे काम ॲम्प करतो. ॲम्प ट्रान्झिस्टरचा असेल तर ही युक्ती तितकी चालत नाही. तिथे ॲम्प स्वच्छ ठेवून पेडलचे ड्राइव्ह थोडे वाढवावे आणि चरचर वाटली तर टोनचे बटण उतरवावे.

आता हे सारे गणेशोत्सवाच्या अंकात कशासाठी? आपल्या गल्लीतली बरीच मुले आज गिटार शिकतात आणि मंडळाच्या कार्यक्रमात वाजवतात. त्यांची पहिली मागणी मोठ्या ॲम्पची असते. पण ५ वॅटऐवजी ५० वॅट घेतले तर कानाला आवाज दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट वाटतो. पैसे मात्र त्या हिशेबाने वाढतात. दुसरीकडे मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती दरवर्षी उंच होत चालल्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तिचे काय होते ते खिडकीच्या काचा सांगतात. आरतीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना कानांवर हात ठेवून घरी परतावे लागते, हे आपल्याला शोभणारे नाही.

ज्या संगीतावर गोंगाटाचा शिक्का बसला, त्याचे काही उत्तम सूर लहानशा खोक्यातून निघाले. त्यांची गोडी वॅटमध्ये नव्हती, यंत्राला नेमके कुठे ताणायचे आणि कुठे थांबायचे हे ओळखण्यात होती. मिरजेचा कारागीर जवारी काढताना हेच करतो. एक घास जास्त झाली तर तंबोरा बिघडतो. आपल्या मुलांच्या हाती गिटार देताना एवढी एक गोष्ट सांगितली, तर पुढच्या वर्षी स्टेजवर लीड वाजेल तेव्हा पहिल्या रांगेतले आजोबाही बसून ऐकतील.