जुन्या किल्ल्यातला पडदा (तळटीप)

* झांझिबार आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. लेखकाने त्याची गणना पर्यटकांच्या करमणुकीत केली आहे; ती मला अन्यायकारक वाटते. १९९८ साली स्टोन टाउनमध्ये हा महोत्सव प्रथम भरला, तोवर एम्पायर, मॅजेस्टिक यांसारख्या, एके काळी हिंदी चित्रपटांना गर्दी जमवणाऱ्या तिथल्या थिएटरांचे दिवस सरले होते. पाहणारे होते, पडदा उरला नव्हता. पोर्तुगीजांना हुसकावल्यावर ओमानी अरबांनी बांधलेल्या किल्ल्याचे उघडे प्रांगण म्हणूनच निवडले गेले असावे, असा माझा तर्क आहे. निसर्गशोभा हा त्यातला दुय्यम भाग. निसर्गाची साथ मात्र आहेच. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस; महोत्सव बहुधा त्यानंतर, जून-जुलैच्या कोरड्या हवेत भरतो. विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने सात वाजण्यापूर्वी सूर्य मावळतो आणि खेळ वेळेवर सुरू करता येतो.

किल्ल्यातल्या प्रेक्षकांत परदेशी चेहरे पुष्कळ असतात, हा आक्षेप खरा आहे. पण महोत्सवाने उंगुजा आणि पेंबा या दोन्ही बेटांवरच्या खेड्यांतही पडदे नेले, ही बाब त्यात सुटते. शिवाय त्याची कक्षा धाऊ गलबतांनी जोडलेल्या देशांची आहे: पूर्व आफ्रिका, अरबस्तान, इराण आणि आपला पश्चिम किनाराही. सर्वोत्तम चित्रपटाला मिळणारे पारितोषिकही सोनेरी धाऊचेच आहे.