गरोदरपणात लाइम रोग : घाबरू नका, पण औषधही सोडू नका

आपल्या कितीतरी मुली लग्नानंतर अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहतात. बाळंतपणाच्या काळात इकडे अम्मीचा जीव फोनला लागलेला असतो. त्यात एक दिवस मुलगी सांगते, "अम्मी, बागेत गेले होते, गोचीड चावला. डॉक्टर अँटिबायोटिक घ्या म्हणतात." इकडून लगेच सल्ला जातो, "पोटात बाळ आहे, गोळ्या घेऊ नकोस!" हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. म्हणून या आजाराची माहिती आम्ही इथे देत आहोत.

आजार काय आहे?

लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातले एक गाव. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे सुजू लागले. पॉली मरे आणि आणखी एका आईने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे तपास सुरू झाला. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांच्या संशोधनातून जंतू ओळखला गेला. त्याचे नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. काळ्या पायांच्या गोचिडाच्या चाव्यातून तो माणसाच्या शरीरात जातो. अमेरिकेचा ईशान्य भाग, विस्कॉन्सिन-मिनेसोटाचा पट्टा आणि युरोपातले अनेक देश इथे हा रोग जास्त आढळतो. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. बकऱ्या-म्हशींच्या अंगावरचे आपले गोचीड वेगळ्या जातीचे असतात.

लक्षणे

चावल्यानंतर 3 ते 30 दिवसांत त्या जागी लाल चट्टा उठतो आणि हळूहळू पसरत जातो. साधारण 70 ते 80 टक्के रुग्णांना तो येतो. तो दरवेळी गोल चकतीसारखाच असेल असे नाही, आणि सावळ्या कातडीवर लवकर लक्षात येत नाही. सोबत ताप, थकवा, डोकेदुखी, अंगदुखी असते. गरोदरपणात थकवा असतोच, म्हणून दुर्लक्ष होते. उपचार झाले नाहीत तर सांधे, हृदय आणि मज्जासंस्थेपर्यंत त्रास पोचू शकतो.

बाळाला धोका आहे का?

उपचारच झाले नाहीत तर जंतू वारेपर्यंत पोचू शकतो. क्वचित बाळ पोटातच दगावण्याचीही शक्यता असते. मात्र वेळेवर योग्य अँटिबायोटिक घेतलेल्या मातांच्या बाळांवर वाईट परिणाम झाल्याचे आढळलेले नाही. आईच्या दुधातून हा रोग बाळाला झाल्याचेही दिसलेले नाही. म्हणजे धोका आहे तो औषध टाळण्यात.

उपचार

इतरांना डॉक्सीसायक्लिन देतात. गरोदर स्त्रीला डॉक्टर बहुधा ते टाळतात आणि त्याऐवजी अमॉक्सिसिलिन देतात. ते साधारण 14 दिवस, दिवसातून तीन वेळा घ्यायचे असते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगावे, दुसरे औषध मिळते. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे चट्टा स्पष्ट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

रमजानमध्ये दिवसातून तीन डोस कसे घ्यायचे, हा प्रश्न येतो. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनातच आहे (सूरह अल-बकरा, आयत 184-185). गर्भवतीला स्वतःची किंवा बाळाची काळजी असेल तर तिलाही सवलत असल्याचे उलमा सांगतात. रोजे नंतर कजा करता येतील, डोस मात्र वेळेवरच घ्यायला हवा.

गोचीड दिसला तर

त्यावर तेल ओतू नका, काडी पेटवून चटका देऊ नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. मग जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा, गोचिडाचा फोटो काढा आणि डॉक्टरांना कळवा. साधारणपणे गोचीड 24 तासांहून जास्त चिकटून राहिला तरच जंतू शरीरात जातो. म्हणून त्याच दिवशी काढला तर धोका बराच कमी होतो.

मे ते जुलैमध्ये खसखशीएवढे छोटे गोचीड फिरतात, ते डोळ्यांना पटकन दिसत नाहीत. गवतातून, झाडीतून आल्यावर दोन तासांत अंघोळ करावी. वुजू करताना कानामागे, मानेवर हात फिरतोच, पण तेवढ्याने भागत नाही. स्कार्फखालचे केस, काखा, कंबर, जांघा आणि गुडघ्यामागची जागाही तपासावी. बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, सलवारचे पायचे मोज्यात खोचावेत. डीईईटी असलेले कीटकरोधक डब्यावरच्या सूचनेप्रमाणे वापरले तर गरोदरपणातही चालते.

मुलीचा फोन आला तर दुआ जरूर द्या. आणि तिला हेही विचारा, "आजचा डोस घेतलास का, बेटा?"