सूचनेतला अनुपस्थित कर्ता : लस टोचणाऱ्या हातांचा इतिहास

'देवी काढणे' हा वाक्प्रयोग मराठीतून आता जवळजवळ लोपला आहे. ज्यांच्या दंडावर त्याची खूण गोल वणाच्या रूपाने उरली आहे, ती पिढीही आता पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढे गेलेली आहे. या प्रयोगात रोगाचे नाव देवी आणि रोग होऊ नये म्हणून केलेल्या टोचणीचे नावही देवीच. 'काढणे' या क्रियापदाला मराठीत दोन छटा आहेत. काटा काढतात तेव्हा आतले बाहेर घालवतात. रांगोळी काढतात तेव्हा नसलेले उमटवतात. देवी काढताना या दोन्ही गोष्टी होत. दंडावर एक लहानसा फोड उमटवायचा आणि त्याच्या बळावर मोठी देवी अंगाबाहेर ठेवायची, अशी ती क्रिया होती. 'लस' या शब्दाचीही अशीच गोष्ट. आज आपण तो शीतपेटीतल्या कुपीशी जोडतो. पण जखमेतून, फोडातून पाझरणारा पातळ चिकट द्राव हा त्याचा जुना, घरगुती अर्थ. 'लसीकरण' या शासकीय शब्दाच्या पोटात असा एक देह दडलेला आहे, याचे भान आपल्याला सहसा नसते.

लसीकरणाचा इतिहास प्रायः शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जेन्नर, पाश्चर, हाफकिन, साल्क अशी त्याची नामावली असते. आम्हांला येथे दुसऱ्या एका इतिहासाकडे लक्ष वेधायचे आहे. लस प्रत्यक्ष टोचणारा हात, त्या हाताला दिलेले शिक्षण आणि ते शिक्षण ज्या भाषेतून दिले गेले ती सूचनांची भाषा, हा तो इतिहास होय. साहित्याच्या अभ्यासकांनी सूचनापुस्तिका वाचायच्या कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे.

१७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी गोस्तनदेवीच्या फोडातील द्रावाने पहिला प्रयोग केला आणि १७९८ साली त्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात ही लस पोहोचायला आणखी चार वर्षे लागली. अडचण अंतराची आणि उष्णतेची होती. दीर्घ सागरी प्रवासात द्राव निकामी होई. अखेर व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरा या मार्गाने ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या दंडावरील फोडातून द्राव घेऊन तो पुढील मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांना, अशी साखळी सुरू झाली आणि ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरत गेली. त्या काळी लस साठवण्याची बाटली नव्हती. एका मुलाचा दंड हीच दुसऱ्या मुलाची कुपी होती.

या पद्धतीत टोचणाऱ्याचे कौशल्य नुसते सुरी चालवण्याचे नव्हते. फोड कोणत्या दिवशी पिकेल, त्यातला द्राव स्वच्छ आहे की पुवाळलेला, ज्या मुलाकडून तो घ्यायचा ते निरोगी आहे ना, आणि आठवड्याने ते मूल पुढल्या गावी येईल का, हे सर्व त्याला पाहावे लागे. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड होती. आपल्या लेकराच्या दंडातून काही काढून घेऊ द्यायला आईबाप तयार नसत, आणि कोणत्या जातीच्या मुलाचा द्राव आपल्या मुलाच्या अंगात जाणार हा प्रश्न तर उघडपणे विचारला जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गावोगाव फिरणाऱ्या पगारी व्हॅक्सिनेटरांची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा वैद्यकीय कामाइतकेच मन वळवण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. १८८० च्या लसीकरण कायद्याने काही ठिकाणी सक्ती आणली. पण उंबऱ्यापाशी उभे राहून बोलायची वेळ आली की कायदा फारसा उपयोगी पडत नाही, हे त्या फिरत्या माणसाला ठाऊक असणार. त्याने तिथे काय सांगितले, कोणत्या शब्दांत समजूत घातली, हे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. सरकारी अहवालांत टोचलेल्यांचे आकडे आहेत, संभाषण नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि वाल्देमार हाफकिन यांनी काही महिन्यांतच प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एका विशिष्ट बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे असल्याचा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पुढे प्रकरणाची दुसरी बाजू उजेडात आली. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरायचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता विसळून वापरला गेला. बाटली उघडताना तिला दुर्गंधी नव्हती, हेही नोंदले गेले होते. धनुर्वाताचे जंतू आत फार दिवस वाढले असते तर ती आली असती. रोनाल्ड रॉस आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू मांडली आणि ते दोषमुक्त झाले. दूषितीकरण प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात, बाटली उघडताना झाले असावे, हे मत मान्य होत गेले.

हाफकिन यांच्यावर झालेला अन्याय दूर झाला, हे उचितच झाले. परंतु या कथेचा शेवट येथे करणे आम्हांला अपुरे वाटते. दोष एका नामवंत शास्त्रज्ञाच्या माथ्यावरून उतरला तो एका मदतनिसाच्या हातावर येऊन थांबला. चिमटा ज्योतीवरच का धरायचा, कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर विसळण्याने धनुर्वाताचे बीजाणू का मरत नाहीत, हे त्या माणसाला कोणी समजावून सांगितले होते काय? त्याला नियम शिकवला होता की नियमाचे कारणही? ज्याला कारण ठाऊक आहे तो अडचणीच्या क्षणी योग्य पर्याय शोधतो. ज्याला फक्त कृती ठाऊक आहे तो त्या कृतीसारखे दिसणारे काहीतरी करतो. धुतलेला चिमटा स्वच्छ दिसतो, आणि डोळ्यांना दिसणारी स्वच्छता म्हणजेच शुद्धता, ही आपल्या सर्वांचीच नित्याची समजूत असते.

येथे भाषेचा मुद्दा येतो. मराठीत सूचना बहुधा विध्यर्थात लिहिल्या जातात : 'सुई ज्योतीतून न्यावी', 'कुपी शीतपेटीत ठेवावी', 'उरलेली लस टाकून द्यावी'. व्याकरणदृष्ट्या हे कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि तृतीयेतला कर्ता सुखेनैव गाळता येतो. कोणी न्यावी, कोणी ठेवावी, हे वाक्य सांगत नाही. अशी भाषा सभ्य, निर्वैयक्तिक आणि अधिकृत वाटते, हे तिचे सामर्थ्य. पण वाक्यातून गळालेला हा कर्ता अपघात घडताच नाव-गावासह शोधून काढला जातो, हा तिचा दोष. सूचना लिहिणाऱ्याने ज्याला वाक्यात जागा दिली नाही, त्यालाच चौकशीच्या अहवालात पहिली जागा मिळते.

तिसऱ्या प्रसंगात हे चित्र काही अंशी पालटलेले दिसते. राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला तेव्हा आपल्याकडे फिरवून टोचण्याची दातेरी चकती वापरात होती. तिने जखम मोठी होई, दुखे, मुले आक्रोश करीत आणि पुढच्या खेपेला बायका दारे लावून घेत. पुढे दोन टोकांची सुई आली. लशीत बुडवली की दोन टोकांच्या मधल्या खाचेत नेमका एक थेंब अडकतो. ती दंडाशी काटकोनात धरून पंधरा वेळा झटपट टोचायची, रक्ताचा किंचित अंश दिसला की झाले. हे शिकायला काही मिनिटे पुरत आणि लसही पूर्वीच्या सुमारे चौथा भाग लागे. यातील निम्मे शिक्षण उपकरणाच्या घडणीतच होते. थेंब किती घ्यायचा हे सुईच ठरवीत होती. १९७३ पासूनच्या घरोघर शोधमोहिमेत कार्यकर्ते देवी आलेल्या बालकाचे चित्र असलेले कार्ड दाखवून 'असा रुग्ण कुठे पाहिला का?' असे विचारीत. मजकूर वाचता न येणाऱ्यालाही ते कार्ड वाचता येई. देशांतर्गत संसर्गाचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

या यशाला एक काळी किनार आहे आणि ती झाकू नये. मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात काही ठिकाणी दारे तोडून, माणसांना धरून लस टोचण्यात आली, हे त्या मोहिमेतील एका परदेशी वैद्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. सुई शिकवणे सोपे झाले म्हणून बोलणे सोपे झाले नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या फिरत्या व्हॅक्सिनेटरासमोर असलेला उंबऱ्यापाशीचा प्रश्न सुटला नव्हता.

तो प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला तो आपल्याच जामखेडला. रजनीकांत आणि मेबल आरोळे या वैद्य दांपत्याने १९७० साली अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. बाहेरून आलेल्या प्रशिक्षित परिचारिका खेड्यात रुजत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित होत्या. त्यांचे शिक्षण पुस्तिकेतून होणे शक्यच नव्हते. ते गप्पांतून, गाण्यांतून, पुन्हापुन्हा एकत्र बसून एकमेकींना सांगण्यातून झाले. तिथे सूचना ही वरून आलेली संहिता न राहता बाईने बाईला सांगितलेली गोष्ट झाली. विध्यर्थातून गळालेला कर्ता येथे बोलू लागला, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्राथमिक आरोग्यसेवेच्या जागतिक चर्चेत जामखेडचे नाव आजही घेतले जाते.

आजच्या आरोग्यसेविकेला ज्या गोष्टी शिकवल्या जातात त्यांकडे या दृष्टीने पाहावे. कुपीवरच्या वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. चौकोन वर्तुळाइतका वा अधिक गडद झाला की टाकायची. बर्फाची पिशवी कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज ऐकायचा आणि मगच ती लसवाहक डब्यात ठेवायची, म्हणजे गोठण्याने बिघडणाऱ्या लशी सुरक्षित राहतात. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची द्रावणात मिसळलेली कुपी चार तासांनंतर वापरायची नाही, कारण तीत जंतू वाढू शकतात. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा चढवायचे नाही. आणि आईला चार गोष्टी सांगायच्या : कोणती लस दिली व ती कशापासून वाचवते, ताप वा सूज आली तर काय करायचे, पुढच्या वेळी केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवून पुन्हा आणायचे. या चार वाक्यांत आमच्या मते गेल्या दोनशे वर्षांचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. लस टोचणे हे काम बोलणे संपल्यावरच पूर्ण होते.

तरीही मुल्कोवाल मागे पडले असे समजू नये. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचा द्रव पाजला गेला. सुदैवाने मुले बरी झाली. लगेच निलंबनाची कारवाई जाहीर झाली. चूक अक्षम्य होती, यात शंका नाही. पण करोनाच्या त्या काळात प्रत्येक टेबलावर आलेली ती नवी बाटली थेंबांच्या कुपीपासून दूर कशी ठेवायची, हे प्रशिक्षणात कोणी कसे सांगितले होते, हा प्रश्न निलंबनाच्या बातमीखाली दबून गेला. १९०२ चा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे.

शब्दांचे आणखी एक जाळे येथे आहे. २००५ पासून गावोगाव उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्तीला शासनाच्या परिभाषेत 'स्वयंसेविका' म्हणतात आणि तिला मिळणाऱ्या रकमेला 'मानधन' वा 'मोबदला' म्हणतात, 'वेतन' म्हणत नाहीत. जबाबदारी ठरवताना मात्र ती कर्मचारी असते. शब्दांची अशी निवड निरागस नसते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे, आणि ती आम्ही कर्त्यासह लिहितो : उपयोजित मराठी शिकवणाऱ्या अध्यापकांनी एकदा आरोग्यसेविकांची प्रशिक्षणपुस्तिका वर्गात आणावी आणि विद्यार्थ्यांनी ती एखाद्या कवितेइतक्या काळजीने वाचावी. कोणत्या वाक्यात कारण दिले आहे, कोणत्या वाक्यात नुसती आज्ञा आहे, कोठे कर्ता आहे आणि कोठे तो गाळला आहे, हे शोधावे. मग शक्य असल्यास गावातल्या सेविकेकडे जाऊन विचारावे, की हेच वाक्य त्या आईला सांगताना कसे सांगता? तिचे उत्तर उतरवून घ्यावे. दोनशे वर्षांच्या अहवालांत जे संभाषण नोंदले गेले नाही, त्याची नोंद तेथून सुरू होईल.