विजयदुर्गावरचा साहेब आणि मे महिन्याची सुट्टी

आजचा भाग थोडा इतिहासाचा आहे आणि थोडा माझ्या फजितीचाही. ज्यांच्या घरी मे महिन्यात मुंबईहून भाचरं-पुतणी येऊन पडतात आणि तिसऱ्या दिवसापासून "आता काय करू?" विचारायला लागतात, त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

मी तळेऱ्याचा. आमचं गाव म्हणजे नाका. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, पूर्वेचा रस्ता वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूरला जातो, आणि पश्चिमेचा थेट विजयदुर्गाला. म्हणजे सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे रस्त्यानेच सोडवलेला. गेल्या मे महिन्यात आठ पोरं घेऊन विजयदुर्गाला गेलो. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणतात ती जागा दाखवली आणि लहानपणापासून ऐकलेलं ठोकून दिलं, "१८६८ साली लॉकयर नावाच्या साहेबाने इथे उभं राहून ग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक सोडून. माझी दहा वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, पण तो साहेब तेव्हा खराच हयसर होतो?"

मी म्हटलं, होता म्हणजे काय, होताच. घरी आल्यावर मात्र तिच्याबरोबर बसून वाचायला घेतलं. आणि मंडळी, नव्हता हो!

आता नीट ऐका. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं, ते हिंदुस्थानातून दिसलं, हे खरं. ते बघायला फ्रान्सचा जान्सन आंध्रात गुंटूरला होता. जॉन हर्शेल हा इंग्रज लष्करी अधिकारी जमखंडीला होता. पॉगसन मछलीपट्टणला होता. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाला दिसतात, त्यांचा प्रकाश या लोकांनी वर्णपटदर्शकातून बघितला. त्यात चमकदार रेषा होत्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. जान्सनला तर दुसऱ्याच दिवशी कळलं की या रेषा ग्रहणाशिवायही बघता येतात.

आणि लॉकयर? तो लंडनमध्ये. सैन्याच्या कचेरीत कारकून होता, खगोलशास्त्र हा त्याचा घरचा छंद. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला घरच्या दुर्बिणीतून, ग्रहण नसताना त्याच ज्वालांचा प्रकाश तपासला. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या रेषांच्या जवळची, पण त्यांच्यावर न बसणारी. पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या पदार्थाशी ती जुळेना. मग त्या न सापडलेल्या पदार्थाला नाव मिळालं हेलियम, ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून. जान्सन आणि लॉकयर, दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून मान दोघांनाही मिळाला. तरी कित्येक रसायनशास्त्रज्ञ पुढे सत्तावीस वर्षं 'असला पदार्थ नाहीच' म्हणत राहिले. १८९५ साली रॅमसेला एका युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला.

मला वाईट वाटलं. आपल्या किल्ल्याची गोष्ट गेली ना! पण पुतणीने पुढे वाचायला लावलं, आणि तिथे खरी गोष्ट निघाली.

लॉकयर विजयदुर्गावर आला होता. फक्त तीस वर्षांनी! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्या किनाऱ्यावरून आत शिरली. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरकडे जेऊरला गेले, आणि एकसष्ट वर्षांच्या सर नॉर्मन लॉकयरने तळ ठोकला विजयदुर्गाच्या किल्ल्यात. तोवर त्याचं हेलियम सिद्ध झालेलं होतं, त्याला 'सर' किताबही मिळाला होता. घरी बसला असता तरी चाललं असतं. पण त्याला सूर्याच्या वातावरणाचे अजून फोटो हवे होते.

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. एवढं काम करायला माणसं कुठून आणायची? शास्त्रज्ञ मूठभर. मग मदतीला आले 'मेलपोमिनी' या आरमारी जहाजावरचे खलाशी. ज्यांनी आयुष्यात वर्णपट हा शब्द ऐकला नसेल, असे लोक. लॉकयरने त्यांच्या टोळ्या पाडल्या. कोणी कॅमेऱ्यापाशी, कोणी वेळ मोजायला, कोणी सूर्याभोवतीचं तेजोवलय कागदावर काढायला, कोणी अंधारात कुठले तारे दिसतात ते टिपायला. आणि मग तालमी. पुन्हा पुन्हा तालमी. कारण खरा अंधार जेमतेम दोन मिनिटांचा. तेवढ्यात 'आता मी काय करू?' विचारायला सवड नाही. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिलं, आणि काम झालं.

हे वाचल्यावर मला माझी चूक कळली. ग्रहणाच्या सालाची चूक तर झालीच, ती सोडून द्या. मोठी चूक ही की मी आठ पोरांना किल्ल्यावर नेऊन नुसतं ऐकवलं. लॉकयरने अनोळखी खलाशांना एकेक काम दिलं, मी घरच्या पोरांना एकही दिलं नाही. जिने प्रश्न विचारला तिने स्वतःचं काम स्वतःच शोधलं.

म्हणून यंदाच्या सुट्टीचं नियोजन ठरलंय. खर्च शून्य. लागते एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, खडू, वही आणि घड्याळ.

आपल्या तळेऱ्यात ५-६ मेच्या सुमारास, दुपारी साधारण साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. शून्य सावली. पण मुलांना फक्त त्या दिवशी बोलावू नका. २५ एप्रिलपासून सुरुवात करा. तेव्हा दुपारी सावली पाच-सहा सेंटिमीटरची आणि उत्तरेला पडते. रोज खुणा करा. सावली आखडत जाईल, नाहीशी होईल, आणि मग? मग दक्षिणेला पडायला लागेल! हे आधी सांगू नका. पोरांनाच सापडू दे.

टोळ्या पाडा. एकाकडे ओळंबा, एकाकडे घड्याळ, एकाकडे खडू, एकाकडे वही. आदल्या दिवशी तालीम घ्या. आणि मुंबईत राहिलेल्या भावंडांना एक काम द्या. त्यांची शून्य सावली १५ मेच्या आसपास येते. फोनवर दोन्ही वह्या जुळवा. नऊ-दहा दिवसांचा फरक का, यावर घरात एक संध्याकाळ वाद होऊ द्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम मात्र कडक. सगळं काम जमिनीवरच्या सावलीत आहे.

मग विजयदुर्गाला जा. कट्टे दाखवा, १८६८ आणि १८९८ दोन्ही सांगा. आणि कोणी विचारलंच, "काका, हे खरंच का?", तर म्हणा, चल, बघूया.

आमच्या पुतणीने यंदा घड्याळाचं काम आधीच मागून घेतलंय. तुमच्या गावातली सावली कुठल्या तारखेला नाहीशी झाली, ते आवाज रेकॉर्ड करून नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू!