बॅगेतून आलेली ट्यूब

भारतातून आई-बाबा येणार असले की बॅगेत काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. भाजणी, मेतकूट, बाकरवडी, आणि एका कोपऱ्यात औषधांची पिशवी. त्या पिशवीत बहुतेकदा एक मलमाची ट्यूब असते. नाव कधी बेटनोव्हेट, कधी दुसरंच काही. पुरळ आलं, डास चावला, जांघेत खाज सुटली, की उपाय एकच: "ते लाव जरा." अमेरिकेत असलं मलम चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून ते आणखीच जपून ठेवलं जातं आणि अडीनडीला शेजारच्या मराठी घरीही पोचतं. गंमत अशी, की त्या ट्यूबचा इतिहास बराचसा इथलाच आहे.

तो सुरू होतो मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून एडवर्ड केंडॉल यांनी १९३०च्या दशकात काही द्रव्यं वेगळी केली. त्यांतलं एक, कॉर्टिसोन, मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तापासून तयार केलं. सप्टेंबर १९४८मध्ये फिलिप हेंच यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना टोचलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५०मध्ये या दोघांना आणि स्वित्झर्लंडच्या राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. साहजिकच त्वचेच्या डॉक्टरांनी कॉर्टिसोन कातडीवर चोळून पाहिलं. काहीच झालं नाही. कारण कॉर्टिसोन स्वतः काम करत नाही, शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याचं हायड्रोकॉर्टिसोन व्हावं लागतं. १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनच लावलं, आणि इसब बसू लागला. तोवर डांबराच्या मलमांवर दिवस काढणाऱ्या रुग्णांना हे केवढं वाटलं असेल!

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फ्लोरिन घातला आणि औषधं जोरदार होत गेली. पण जोर मोजायचा कसा? मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२मध्ये सोपी युक्ती काढली: हातावर औषध लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हा फिकेपणा. अमेरिकेतली सात पायऱ्यांची उतरंड बऱ्याच अंशी या चाचणीवर उभी आहे. वर क्लोबेटॅसॉल, तळाशी एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन व्हॅलरेट मधे कुठेतरी. इथे एक फसगत होते. क्लोबेटॅसॉलच्या ट्यूबवर ०.०५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणून ते सौम्य वाटतं. ते कित्येक पटींनी तिखट आहे. टक्केवारीवरून जोर ठरत नाही.

कातडीही सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७मध्ये हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागावर एक धरलं, तर कपाळावर ते सहापट, जबड्यावर तेरापट आणि वृषणाच्या त्वचेत बेचाळीसपट होतं. तळपायावर मात्र सातवा हिस्सा. आता आठवून पाहा, आपल्याकडे ती ट्यूब नेमकी कुठे कुठे लावतात.

फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन या गोष्टीत दोनदा येतात. (होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करणारे तेच हे; त्याबद्दल त्यांच्या विद्यापीठाने २०२१मध्ये माफी मागितली.) १९७५मध्ये त्यांनी डाग घालवायला हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण सुचवलं. १९७९मध्ये त्यांनीच सहलेखकासह लिहिलं, की चेहऱ्याला स्टेरॉइडची चटक लागते: थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. भारतात पहिली गोष्ट पोचली, दुसरी फार उशिरा. तेच त्रिकूट, मोमेटासोन घालून, गोरेपणाचं क्रीम म्हणून खपलं. प्रयोगशाळेत औषधाचा जोर मोजायला वापरलेला फिकेपणा आपल्या बाजारात सौंदर्य ठरला, यापेक्षा बोचरी थट्टा मला सुचत नाही. २०११मध्ये भारतातल्या अनेक केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. मार्च २०१८मध्ये सरकारने अशी १४ औषधं चिठ्ठीच्या यादीत घातली. कागदावर.

नायट्याचं प्रकरण याहून वाईट. स्टेरॉइडने लाली आणि खाज जाते, बुरशी मात्र मोकळेपणी पसरते. भारतात बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये विकलं गेलं. या काळात नेहमीच्या गोळीला दाद न देणारी एक बुरशी फोफावली, आणि त्यामागे अशा मलमांचाही हात असावा असं तज्ज्ञ मानतात. तिचं नाव ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्यातला 'इंडो' म्हणजे आपणच. मे २०२३मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांना ती झाल्याचं जाहीर झालं, अमेरिकेतली ही पहिली नोंद. एकीला ती बांगलादेशच्या मुक्कामात झाली होती. दुसरी परदेशी गेलीच नव्हती.

एवढं वाचून घरातली ट्यूब कचऱ्यात टाकायला उठू नका. भीतीनेही नुकसान होतं. इसबाने रात्ररात्र खाजवणाऱ्या बाळाला 'स्टेरॉइड नको' म्हणून नुसतं खोबरेल लावत बसणं हा काही शहाणपणा नाही. योग्य जोराचं मलम, योग्य जागी, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे. मापही सोपं आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन हातांच्या पंजांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, काख, जांघ आणि डायपरखाली फक्त सौम्य औषध, तेही थोडे दिवस. पापण्यांवर विचारल्याशिवाय काहीच नाही, डोळ्यातला दाब वाढू शकतो. नायट्यासारखी गोल, कडेने पसरणारी खाज असेल तर स्टेरॉइड नकोच. कुणी महिनोन्महिने चेहऱ्याला लावत असेल तर मनाने एकदम बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना गाठा.

आपल्या रंगावर दाह लालबुंद दिसत नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, त्यामुळे इथल्या डॉक्टरांच्या नजरेतून कधी निसटतो. तेव्हा "लाली नाही" असं ऐकलं तरी खाज आणि उष्णता नीट सांगा. इसब बसल्यावर उरणारे फिके डाग म्हणजे कोड नव्हे, ते बहुधा काही महिन्यांत भरतात. आणि जाताना ती ट्यूब बरोबर न्या. वरचं ठळक नाव इथे कुणाला कळणार नाही, पण खालच्या बारीक अक्षरांत क्लोबेटॅसॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असतं, आणि शेजारी आणखी दोन-तीन औषधांची नावं असतात. तीही मोजा.