स्कॅन केलेला जुना फोटो एडिट होत नाही? आधी हे तपासा

लातूर/नांदेड : आजोबांचा पासपोर्ट साईजचा एकच जुना फोटो. तो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणून दुकानात स्कॅन करून घेतला, पण मोबाईलच्या एडिटिंग ॲपमध्ये तो दिसतच नाही. दिसला तरी काही बदलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी, सास्तूर भागात घरंच्या घरं जमीनदोस्त झाली. अशा एखाद्या घरात गेलेल्या माणसाचा एवढाच फोटो उरला असेल, तर तो जपूनच हाताळावा लागतो. बहुतेक वेळा फोटो खराब नसतो, अडचण फाईलमध्ये असते.

१) फाईल पीडीएफ आहे का?
दुकानात कागदपत्रांच्या सवयीने फोटोही पीडीएफमध्ये स्कॅन करतात. पीडीएफ गॅलरीत दिसत नाही आणि फोटोचं ॲप ती उघडत नाही. फाईलच्या नावातलं पीडीएफ खोडून जेपीजी लिहिलं तरी फाईल बदलत नाही. दुकानदाराला जेपीजीमध्ये सेव्ह करून मागा. स्क्रीनशॉट काढून काम भागतं, पण फोटो बारीक होतो. टिफ प्रकारची फाईलही बऱ्याच मोबाईल ॲपमध्ये चालत नाही.

२) सेव्ह होत नाही?
सीडीवरची फाईल तिथल्या तिथे बदलता येत नाही. मेमरी कार्डच्या अडॅप्टरला बाजूला लहान खटका असतो, तो लॉकवर असला तरी हेच होतं. फाईल आधी कॉम्प्युटरमध्ये किंवा मोबाईलमध्ये कॉपी करा. कॉम्प्युटरवर फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली'ची खूण असेल तर काढा. मोबाईलमध्ये जागा शिल्लक आहे का आणि ॲपला फोटोची परवानगी दिली आहे का, हेही बघा.

३) फोटोशॉपमध्ये टूल फिक्के दिसतात?
वरच्या 'इमेज' मेनूत 'मोड' उघडा. तिथे 'इंडेक्स्ड कलर' असेल तर 'आरजीबी कलर' करा. 'बिटमॅप' असेल तर आधी 'ग्रेस्केल' आणि मग 'आरजीबी' करा. १६ बिट असेल तर ८ बिट करा. लेअरवर कुलूप दिसलं तर त्यावर क्लिक करून काढा. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही 'इमेज' मेनूत असाच 'मोड' आहे.
मात्र बिटमॅप म्हणजे नुसता काळा आणि पांढरा. त्यात चेहऱ्यावरच्या मधल्या छटा स्कॅन करतानाच गेलेल्या असतात, मोड बदलून त्या परत येत नाहीत. असा फोटो पुन्हा स्कॅन करावा लागतो.

दुकानात काय सांगायचं?
फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी 'कलर'मध्ये स्कॅन करा म्हणा. पोस्टकार्ड साईजच्या फोटोला ६०० डीपीआय पुरे, पासपोर्ट साईज मोठा करायचा तर १२०० ठेवा. व्हॉट्सॲपवर घेताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवला की दर्जा कमी होतो. मूळ फोटो आठवणीने परत घ्या. एडिटिंग कायम कॉपीवर करा, पहिली फाईल तशीच ठेवा.

एआय ॲप जपून वापरा
धूसर चेहरा स्पष्ट करताना ही ॲप डोळे, नाक, ओठ अंदाजाने काढतात. फोटो चकचकीत होतो, पण माणूस दुसराच दिसू शकतो. फ्रेम करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून घ्या.

खासरा पाहणी, सातबारा, शाळेच्या दाखल्याची स्कॅन प्रत मात्र एडिट करू नका. बदललेला कागद सरकारी कामात लावला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. अक्षर पुसट असेल तर संबंधित कार्यालयातून किंवा शाळेतून नवी नक्कल काढा.